रेहानाताईंचा निबंध

"निबंधाला कुठले विषय आलेत, तेवढं आधी वाचा," रेहानाताई म्हणाल्या.

आम्ही दोघी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसलो होतो. बाकीची मुलं खाली हॉलमध्ये. अंध उमेदवार तोंडानं सांगतो, त्याचा इतरांना त्रास नको म्हणून आम्हाला वर ही खोली दिली होती. ओट्यावर काचेच्या नळ्या पालथ्या घालून ठेवलेल्या, आणि सगळीकडं कुजक्या अंड्यासारखा एक वास. पर्यवेक्षक म्हणून आलेले सर दाराशी खुर्ची टाकून बसले होते. पहिल्या तासात ते दोनदा आमच्याजवळ येऊन गेले, मग त्यांचा कंटाळा वाढला आणि ते बाहेरच्या गुलमोहराकडं बघत राहिले.

मी विषय वाचले. "एक, वृत्तपत्रांचे सामर्थ्य. दोन, जागतिकीकरण आणि मराठी. तीन, सोबत."

"तिसरा," त्या लगेच म्हणाल्या. "किती वेळ राहिला?"

"जादा वेळ धरून पस्तीस मिनिटं."

"पुष्कळ झाला." त्यांनी ओट्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, जसा त्या विचार करताना नेहमी फिरवायच्या. "मला जरा जुळवू द्या. मी लिहा म्हणाले की लिहायला लागा."

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा हा शेवटचा पेपर होता. या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. मी तेव्हा अडतीसची होते, त्या चव्वेचाळीसच्या.

त्या खोलीत मी कशी जाऊन बसले, ते सांगायला हवं. मिरजेत ब्राह्मणपुरीच्या पुढं आमचं दोन खोल्यांचं घर. बारावीनंतर आईचं दुखणं सुरू झालं आणि माझं शिक्षण तिथंच थांबलं. ते दुखणं सोळा वर्षं चाललं. आई गेली तेव्हा भाऊ वापीहून आला, तेरावा उरकला, "शालन, तिकडं येतीस का?" असं एकदा विचारलं आणि मी "बघू" म्हणाले तेव्हा त्यानं सुटकेचा श्वास टाकलेला मला ऐकू आला. मी साड्यांना फॉल लावायचं, पिको करायचं काम घरातच करायची. बायका साडी द्यायच्या, रंग जुळवून घ्यायच्या आणि कधी मिळेल ते विचारून जायच्या. उंबऱ्याच्या आत कुणी येत नसे. कधी कधी संध्याकाळी दिवा लावताना ध्यानात यायचं, की आज दिवसभरात 'मंगळवारी या' यापलीकडं आपण काही बोललोच नाही.

एकदा नगर वाचनालयात एक हातानं लिहिलेली पाटी दिसली. 'अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिक पाहिजेत. अक्षर स्वच्छ असावे. वेळ पाळावी. स्वतःचे डोके चालवू नये. – हस्ताक्षर मंडळ, तालमीच्या माडीवर.' शेवटची अट वाचून मला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी आलं होतं, म्हणूनच की काय, मी गेले.

मंडळ म्हणजे एक खोली, दोन कपाटं पुस्तकं, चार बाकडी आणि शिरगुप्पे सर. सर हायस्कुलातून निवृत्त झालेले. त्यांनी माझ्याकडून एक उतारा लिहून घेतला, अक्षर बघितलं आणि म्हणाले, "उमेदवारापेक्षा लेखनिक कमी शिकलेला लागतो. तुम्ही बारावी, ते बरोबर बसतं. आता एक ध्यानात ठेवा, चौगुलेबाई. परीक्षेच्या खोलीत तुम्ही नसता. तुमचा फक्त हात असतो. उमेदवार चुकीचं सांगेल, चुकीचं लिहायचं. तो अडेल, थांबायचं. दया आली तरी हातानं काही करायचं नाही. जमेल?"

"जमेल," मी म्हणाले. मला त्यात अवघड काही दिसलंच नाही. नसण्याची मला सवय होती.

त्यांनी मला रेहाना मुजावर यांच्याशी जोडून दिलं. तिशीत काचबिंदूनं त्यांची नजर गेली होती. त्याआधी त्या बालवाडी चालवायच्या. भावाच्या घरी राहत होत्या आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए. करत होत्या. अंध मुलींच्या शाळेत शिक्षिका व्हायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं. दर गुरुवारी दुपारी भावजय त्यांना माडीवर सोडून जायची आणि पाचला न्यायला यायची. मधल्या वेळात मी त्यांना धडे वाचून दाखवायची, सराव म्हणून त्या उत्तरं सांगायच्या आणि मी लिहायची. खाली तालमीत पोरांच्या शड्डूचे आवाज चाललेले असायचे.

"तुमच्या पेनाचा आवाज मला कळतो," त्या पहिल्याच महिन्यात म्हणाल्या होत्या. "तो थांबला की मी पुढचं वाक्य सांगते. म्हणून उगाच मध्ये थांबू नका."

असे दोन वर्षांचे गुरुवार. त्या दिवशी मी सकाळीच आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून बसायची. बुधवारी झोप यायची नाही म्हटलं तरी चालेल. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला कुणी नव्हतंच, पण असतं तरी सांगितलं नसतं.

"लिहा," रेहानाताई म्हणाल्या.

मी पेन टेकवलं.

"आंधळ्या माणसाला सोबत लागते, असं लोकांना वाटतं. पूर्णविराम. ते खरंही आहे. रस्ता ओलांडायला, पायरी सांगायला, वाचून दाखवायला कुणीतरी लागतं. पण सोबत कुणाला जास्त लागते, हे डोळ्यांवरून ठरत नाही. नवा परिच्छेद."

मी लिहीत होते. मनात म्हणाले, छान चाललंय.

"माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. त्या आठवड्यातून एकदा मला वाचून दाखवतात. वाचताना त्यांचा आवाज गरजेपेक्षा मोठा असतो. आठवडाभर न वापरलेला आवाज तसा येतो."

पेन चाललं होतं. हात शिकवल्याप्रमाणं काम करत होता. 'आठवडाभर न वापरलेला आवाज' हे शब्द माझ्याच अक्षरात उमटताना मी पाहिले. आणि तरी मला वाटलं, असेल दुसरी कुणी.

"धडा संपला, तरी त्या पुस्तक मिटत नाहीत. पान उलटल्याचा खोटाच आवाज करतात आणि आधी वाचलेलंच पुन्हा वाचतात, म्हणजे मला उठायला उशीर व्हावा. त्यांना वाटतं, मला कळत नाही. मी काही बोलत नाही. कारण—"

माझं पेन थांबलं.

मी ते करत होते. पहिल्या हिवाळ्यापासून करत होते. पावणेपाच झाले की शेवटची दोन पानं पुन्हा वाचायची, थोड्या वेगळ्या चालीनं. मला त्यात चोरी वाटत नव्हती. मला वाटायचं, मी एकटीच आहे त्या खोलीत, जिला हे दिसतं.

"थांबलात?" रेहानाताई म्हणाल्या.

"नाही, शाई," मी म्हणाले.

आणि मी त्यांचा दुसरा परिच्छेद, सुरुवातीपासून 'कारण'पर्यंत, आडव्या रेघा मारून खोडला. त्याखाली लिहायला लागले. 'मनुष्य हा समाजशील प्राणी आहे. सोबतीशिवाय मानवी जीवन अपूर्ण आहे. सुखदुःखात साथ देणारा मित्र लाभणे हे भाग्य होय.' शाळेतल्या गाइडातलं सगळं आठवत गेलं. फुलाला सुगंधाची सोबत, चंद्राला चांदण्यांची. समोर रेहानाताई सांगत होत्या. त्यांचा आवाज येत होता, चढत होता, मध्ये एकदा हसल्यासारखाही झाला. शब्द एकही आत शिरला नाही. पेनाचा आवाज चालू राहील एवढंच मी बघत होते. पर्यवेक्षक सर एकदा उठून आले, माझ्या हाताकडं, त्यांच्या तोंडाकडं बघितलं, आणि परत गेले. लिहिणारी लिहीत होती, सांगणारी सांगत होती. त्यांना वावगं काय दिसणार?

घंटा झाली तेव्हा रेहानाताईंच्या कपाळावर घाम होता. "वाचून घ्यायला वेळ नाही ना राहिला?"

"नाही."

"असू दे. चांगला झाला, नाही का हो?"

"झाला," मी म्हणाले.

जिना उतरताना त्यांनी माझ्या कोपराला धरलं होतं. माझ्या बोलण्याची त्या वाट बघत होत्या, हे आता कळतं. तेव्हा मी फक्त पायऱ्या मोजून सांगत होते.

उन्हाळाभर मंडळ बंद असायचं. जूनअखेर निकाल लागला. रेहानाताई पास झाल्या, पण द्वितीय श्रेणी तीन गुणांनी हुकली, आणि शिक्षिकांच्या प्रशिक्षणाला द्वितीय श्रेणी लागत होती. मी माडीवर गेले तेव्हा त्या सरांसमोर बसल्या होत्या.

"बाकीच्या पेपरांत मी सांगितले होते तसेच गुण आलेत," त्या म्हणत होत्या. "मराठीतच कमी कसे, सर? निबंध तर माझा सगळ्यांत चांगला झाला होता. या शालनबाईंना विचारा की."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "चांगला होता."

"मग उत्तरपत्रिकेची प्रत मागवू," सर म्हणाले. "तपासणाऱ्यानं पान उलटलं नसेल. होतं असं."

प्रत यायला चार आठवडे लागले. त्या चारही गुरुवारी मी गेले. अभ्यास नव्हता, तरी रेहानाताई यायच्या आणि मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. बातमी संपली की मी ताबडतोब घडी घालायची. एका गुरुवारी मी म्हणाले, "रेहानाताई, मला तुम्हाला एक सांगायचंय."

त्यांनी मान वर केली. चेहरा एकदम उजळला. "सांगा ना."

तो उजळलेला चेहरा बघून मला बोलवेना. "पुढल्या गुरुवारी मला यायला उशीर होईल," मी म्हणाले. आणि तसं काही कारण नसताना, पुढच्या गुरुवारी मी खरंच उशिरा गेले.

मी पोहोचले तेव्हा त्यांच्या मांडीवर पाकीट होतं. सर पलीकडच्या टेबलाशी फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चिकटवत होते.

"सकाळी आलंय," रेहानाताई म्हणाल्या. "भाऊ वाचतो म्हणाला, मी दिलं नाही. अक्षर तुमचं, तुम्हीच वाचा. निबंधाचंच काढा आधी. सर, तुम्ही पण ऐका."

मी पाकीट फोडलं. निबंधाचं पान सापडायला वेळ लागला नाही. वरच्या परिच्छेदाखाली रेघांचा काळा पट्टा, त्याखाली माझं समाजशील प्राणी. समासात तपासणाऱ्यानं लाल शाईत 'ठोकळेबाज' असं लिहून वीसपैकी सहा दिले होते.

मला त्यांची पहिली वाक्यं तोंडपाठ होती. त्यांच्या आवाजातल्या चढउतारासकट. सरांचा चष्मा कपाळावर होता आणि हात खळीनं माखले होते, ते उठून बघायला येणार नव्हते. मी पानाकडं बघत जसंच्या तसं म्हणू शकत होते. माझ्या हातून खरं वाचलं गेलं, ते माझ्या चांगुलपणानं, असं म्हणायला मला आवडेल. पण तसं नव्हतं. 'कारण'च्या पुढचं मला येतच नव्हतं. सांगणारीसमोर मी काय रचून म्हणणार?

पहिला परिच्छेद मी वाचला. रेहानाताई मान डोलवत होत्या. मग मी वाचलं, "मनुष्य हा समाजशील प्राणी आहे. सोबतीशिवाय मानवी जीवन अपूर्ण आहे."

त्यांची मान थांबली.

"हे कुणाचं?" त्या म्हणाल्या.

सर हात पुसत उभे राहिले. "पुरवण्यांची अदलाबदल झाली की काय? बैठक क्रमांक बघा बरं."

"क्रमांक बरोबर आहे," मी म्हणाले.

"अक्षर?"

"माझंच."

खाली तालमीत कुणीतरी कुणाला तरी आपटलं, त्याचा आवाज आला. रेहानाताईंचा अंगठा पाकिटाच्या कडेवरून फिरत होता. एकदा इकडून तिकडं, एकदा तिकडून इकडं.

"सर, तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं तोंड करून, अगदी हळू, "कुठवर ऐकलंत?"

"'मी काही बोलत नाही, कारण', इथवर."

"आणि पुढचं?"

"पुढचं नाही ऐकलं."

"पण पेन चालत होतं."

"हो."

"पंचवीस मिनिटं चालत होतं."

"हो."

"काय होतं पुढं?" सरांनी विचारलं. "नेमकं काय गाळलंत तुम्ही, चौगुलेबाई?"

मला ते उच्चारता आलं नसतं. मला उच्चारावंही लागलं नाही. "ते आमच्या दोघींतलं आहे, सर," रेहानाताई म्हणाल्या. "त्यात परीक्षेचं काही नाही."

सर म्हणाले, की नियमानं हे विद्यापीठाला कळवायला हवं. रेहानाताई म्हणाल्या, कळवलं तर सगळा निकालच अडकेल, त्यापेक्षा पुढच्या वर्षी श्रेणी सुधारायला तेवढा पेपर त्या पुन्हा देतील. "एक वर्ष जाईल. डोळे गेल्यापासून चौदा गेलीत, त्यात आणखी एक." त्या हे रागानं म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

सरांनी कपाटातून वही काढली आणि लेखनिकांच्या यादीतल्या माझ्या नावावर रेघ मारली. एकच, सरळ. "तुम्हाला कळतंय ना?" ते म्हणाले. मी हो म्हणाले. मग ते खाली चहा सांगायला म्हणून गेले. चहा काही आला नाही.

पाच वाजायला आले होते. भावजय येण्याआधी मला विचारायचं होतं, आणि दोन वर्षांत कधी नव्हतं इतकं जोरात घड्याळ पुढं पळताना दिसत होतं.

"रेहानाताई, माझं चुकलं."

"चुकलं खरं."

"मला वाटलं, तुम्ही मला हसताय."

त्यांनी डोकं हलवलं, नाही म्हणून की नवलानं, ते कळलं नाही. "परीक्षेत बसून, हसण्यासाठी, कुणी वीस गुणांचा निबंध घालवतं का हो?"

"पुढं काय सांगितलं होतंत? मला सांगा ना. मी आता लिहून घेते, शब्द न शब्द."

त्यांचे ओठ हलले, म्हणजे मनातल्या मनात त्यांनी सुरुवात केली असावी. "मी काही बोलत नाही," असं त्या पुटपुटल्यासारखं मला वाटलं. मी खरंच पेन काढून बसले होते. मग त्यांनी हात वर केला.

"नाही, शालनबाई. तेव्हा ते आतून आलं होतं. तुम्ही ऐकताय, तुमच्याच हातानं उमटतंय, म्हणून मला सांगता आलं. एरवी तोंडावर कसं सांगायचं, ते मला दोन वर्षं सुचत नव्हतं. आता सांगितलं, तर तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगितल्यासारखं होईल. मला ते तसं नाही करायचं."

"थोडंसं तरी?"

"आठवतही नाही सगळं," त्या म्हणाल्या. ते खोटं होतं, आणि ते माझ्यासाठी बोललेलं होतं.

जिन्यावर भावजयीच्या चपला वाजल्या. रेहानाताई उठल्या. मी नेहमीसारखं कोपर पुढं केलं. त्यांनी ते चाचपून धरलं, दारापर्यंत आल्या आणि तिथं सोडून भावजयीचा हात धरला. "येते," म्हणाल्या. एवढंच.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. पुढल्या वर्षी सरांच्या यादीतली अकरावीतली एक मुलगी त्यांची लेखनिक झाली. श्रेणी मिळाली, प्रशिक्षण झालं आणि बार्शीकडच्या एका मुलींच्या निवासी शाळेत त्या लागल्या. हे सगळं मला सरांकडून कळलं. त्या शाळेतल्या मुली त्यांना 'आपा' म्हणतात, हेही.

मी वर्षभर माडीवर गेले नाही. मग एकदा सरच साडीला फॉल लावायच्या निमित्तानं घरी आले. बायकोची साडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "लेखनिक नाही, पण ब्रेल शिकता का? पुस्तकं उतरवायला माणूस नाही." मी शिकले. आता सर नाहीत. मंडळ आहे, माडी आहे, आणि गुरुवारी दुपारी मी टोच्यानं जाड कागदावर टिंबं उमटवत बसते. समोर कुणी नसतं. पुस्तक तयार झालं, की ते कुठल्यातरी गावाला जातं. कुणाची बोटं त्यावरून फिरतात, ते मला माहीत नसतं.

बार्शीला जायची एस.टी. मिरजेतून सुटते. मी दोनदा स्टँडपर्यंत गेले आहे. एकदा तिकीटही काढलं होतं.

तो निबंध मी पुष्कळदा पुढं नेऊन पाहिला. 'मी काही बोलत नाही, कारण मला त्यांची कीव येते.' हे लिहून बघितलं. रेहानाताई असं म्हणणार नाहीत. 'कारण मलाही उठायचं नसतं.' हे लिहिलं, आणि मग दिवसभर काम सुचलं नाही. पण तेही मलाच हवं असलेलं वाक्य आहे. त्यांच्या तोंडी मी ते कितीदा घालून पाहिलं, तरी मोठ्यानं वाचलं की आवाज माझा येतो, गरजेपेक्षा मोठा.